दोन दिवस समुद्रावर नुसतं लोळायचंय, पण ऊन भयंकर आहे. दिवस कसा आखावा?

सावलीवेडी
नमस्कार मंडळी, येत्या शनिवार-रविवारी समुद्रावर जातोय. जागा विषुववृत्ताजवळची, दुपारी ३४-३५ अंश आणि हवा एकदम दमट. सोबत सासरे (सत्तरीचे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत) आणि पाच वर्षांची लेक. काहीही बघायला जायचं नाहीये, पुस्तक, पाणी आणि झोप, बस्स. नवरा म्हणतो मोठी छत्री लावू आणि दिवसभर किनाऱ्यावरच पडून राहू, वारा असतोच. मला ते पटत नाहीये पण का ते त्याला नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा.

खारावारा
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. त्या भागात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, यूव्ही इंडेक्स (उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील म्हणजे यूव्ही किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा) ११ च्या वर जाणं तिथे नेहमीचंच, आणि ११ पासून पुढे 'अतितीव्र' धरतात. घड्याळ बघायचीही गरज नाही, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सामान उचलायचं. आणि वाऱ्यावर अजिबात विसंबू नका. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते म्हणून दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे अंगाला गार वाटतं आणि माणूस निवांत पडून राहतो, पण यूव्ही किरण वाऱ्याने कमी होत नाहीत. संध्याकाळी खोलीवर आल्यावर खांदे लाल झालेले दिसतात.
मी तरी असं करेन: उजाडल्या उजाडल्या पाण्यात, नऊच्या आत परत, मग थेट चार-साडेचारनंतर बाहेर. एक मात्र लक्षात ठेवा, तिकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, तेव्हा छोटीला घेऊन लांब फिरायला गेलात तर परत वेळेत वळा.

भरतीओहोटी
एवढं काय घाबरायचं, दुपारी गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहायचं की. पाण्यात ऊन लागत नाही.

वाळूतली पावलं
@भरतीओहोटी, नाही हो, लागतं. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के यूव्ही पोचतात, आणि डोकं, मान, खांदे तर वरच असतात. गार पाण्यात चटका कळत नाही म्हणून माणूस जास्तच वेळ बसतो, खरा धोका तो आहे.
छत्रीचंही तेच. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास यूव्ही परत फेकते, लाटांचा फेस २५ च्या आसपास, शिवाय सगळ्या आकाशातून विखुरलेले किरण येतात ते वेगळेच. त्यामुळे छत्रीखाली आहोत म्हणून सनस्क्रीन नको असं करू नका. एसपीएफ (सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा) ३० असेल तर ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे यूव्ही किरण, अडवतं, ५० सुमारे ९८, म्हणजे आकड्यापेक्षा लावता किती आणि परत कधी लावता ते महत्त्वाचं. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला चहाचे सहा-सात चमचे लागतं (लोक याच्या निम्मंही लावत नाहीत), बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर. छोटीला सरळ लांब बाह्यांचा स्विमसूट आणि मान झाकणारी टोपी, सगळ्या अंगाला क्रीम चोपडत बसण्यापेक्षा ते सोपं.
आणि तिच्या पायात चपला हव्यातच!! कोरडी वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मुलं पाण्याकडे धावत सुटतात आणि मध्येच थबकतात, ना पुढे जाता येतं ना मागे, एका पायावर नाचत रडायला लागतात. तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवून बघा, पाच सेकंद ठेवता आली नाही तर तिला खाली सोडू नका.

खारावारा
माझं एक राहिलंच. सकाळी लवकर जायचं म्हणतोय खरं, पण त्या वेळी बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक आलेले नसतात. कितीही शांत दिसलं तरी छोटीला गुडघाभर पाण्यापुढे नेऊ नका आणि हाताच्या अंतरावर ठेवा. लाटांच्या मध्येच एक सपाट, फेस नसलेला पट्टा दिसला तर तिथे उतरू नका, बहुतेक वेळा पाणी तिथूनच जोरात आत ओढलं जात असतं. त्यात कुणी सापडलंच तर ओढीच्या उलट किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं.

सावलीवेडी
खूप आभार, नवऱ्याला सगळं वाचायला दिलंय. पण सासऱ्यांचं कुणी काही सांगाल का? आणि दुपारचे सहा-सात तास खोलीत बसायचं तर समुद्रावर गेल्यासारखं वाटेल का?

निवांतदुपार
सासऱ्यांकडे खरंच नीट लक्ष द्या. घाम सुकतो तेव्हा अंग गार होतं, दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता ओघळतो. उतारवयात तहानही कमी कळते, त्यामुळे ते 'नको' म्हणाले तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी हातात द्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने गोळी बंद करू नका. चक्कर, मळमळ, खूप थकवा वाटला तर लगेच सावलीत आडवं करायचं, पाय थोडे वर, ओला टॉवेल, वारा, घोट घोट पाणी. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात समजा. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा, अशा वेळी तोंडात पाणी घालू नका.
खोलीत बसण्याबद्दल, अहो तुम्ही लोळायलाच चालला आहात ना! मला तर त्या दिवसांतली दुपारच सगळ्यात आवडते. पडदे अर्धे ओढलेले, लाटांचा आवाज येतोय, केस अजून ओले, पुस्तक छातीवर पडलेलं आणि कुणी कुणाला उठवत नाहीये. खोली घेताना फक्त एक बघा, व्हरांडा पूर्वेकडे असेल तर दुपारनंतर तिथे सावली असते.

सावलीवेडी
व्हरांड्याचं लक्षातच आलं नव्हतं, आमची बुक केलेली खोली पश्चिमेकडची आहे. आजच फोन करून बदलून मिळते का विचारते.