ब्रेक्झिटनंतरचा व्यापार : सीमेवरच्या लोकांची आणि छोट्या व्यावसायिकांची तयारी करून घेण्याची जबाबदारी कुणाची होती?

लिफीकाठ (डब्लिन)

अन्नपदार्थ आणि वनस्पती यांच्यावरच्या तपासण्या कमी करणारा करार करायचा, असे ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी १९ मे २०२५ रोजी लंडनच्या बैठकीत ठरवले. तेव्हापासून ‘उद्योगांनी आतापासून तयारीला लागावे’ हा सल्ला पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. २०१९ आणि २०२० मध्येही हाच सल्ला दिला जात होता, आणि ज्यांनी तो मनावर घेतला त्यांना त्याची किंमत अधिक मोजावी लागली, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

तारखा एकदा ओळीने पाहाव्यात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार होते २९ मार्च २०१९ रोजी. ते लांबून १२ एप्रिल झाले, मग ३१ ऑक्टोबर, आणि प्रत्यक्षात ३१ जानेवारी २०२० उजाडला. ऑक्टोबरच्या मुदतीसाठी ब्रिटिश सरकारने जाहिरातींची मोठी मोहीम काढली, तिच्यावर ४ कोटी ६० लाख पौंड खर्च केले, आणि मुदतच पुढे गेल्यामुळे ती मध्येच थांबवली. त्यानंतर जुने नियम तात्पुरते चालू ठेवणारा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपणार होता आणि व्यापार करार झाला २४ डिसेंबरला. सुमारे साडेबाराशे पानांचा करार, मध्ये नाताळ, आणि वाचून अंमलात आणायला आठवडा.

आमच्या भागातल्या एका भारतीय किराणा दुकानाच्या मालकांनी मार्च २०१९ च्या मुदतीआधी इंग्लंडमधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माल उचलला होता. डाळी, मसाले, लोणची टिकली, पण पिठे आणि फरसाण त्यांची टिकण्याची मुदत संपत येईपर्यंत पडून राहिले आणि शेवटी पडेल भावाने काढावे लागले. ऑक्टोबरच्या मुदतीला त्यांनी थोडा माल भरला आणि डिसेंबर २०२० ला अजिबात भरला नाही, कारण अडकवायला पैसाही नव्हता आणि त्या तारखेवर विश्वासही उरला नव्हता. नेमकी तीच तारीख खरी ठरली. या माणसाला कुणी ‘तयारी केली नाही’ असे म्हणू नये.

याउलट युरोपीय संघातले आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड यांच्यातली जमिनीवरची सीमा पाहा. सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या आणि दोनशेहून अधिक ठिकाणी रस्त्यांनी ओलांडल्या जाणाऱ्या त्या सीमेवर आजही एकही कस्टम्स चौकी नाही. तिथल्या लोकांनी २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतापासून हा प्रश्न धसास लावून धरला, सरकारांना त्याचे उत्तर आधी काढावे लागले, आणि मग लोकांना फारशी तयारी करावीच लागली नाही. तयारीचा बोजा धोरण ठरवणाऱ्यांनी उचलायचा असतो, दुकानदाराने नव्हे.

मालवाहू (इंग्लंड, मिडलँड्स)

धागाकर्त्यांच्या तारखा अचूक आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करतो आणि तो जानेवारी महिना मी गोदामाच्या दारात उभे राहून पाहिला आहे.

करार होईल की नाही, शुल्क लागेल की नाही, हे २४ डिसेंबरपर्यंत अनिश्चित होते, हे मान्य. पण ब्रिटन युरोपच्या सीमाशुल्क संघातून आणि एकल बाजारपेठेतून, म्हणजे विनाशुल्क, विनातपासणी व्यापाराच्या व्यवस्थेतून, बाहेर पडणार हे त्याच्या कितीतरी आधी निश्चित झाले होते, आणि त्यानंतर कस्टम्सचे घोषणापत्र भरावेच लागणार होते. करार झाला तरी आणि न झाला तरी. व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक, मालाचा वर्गीकरण संकेतांक, दुधामांसाच्या पदार्थांसाठी पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र, यांतील एकही गोष्ट वाटाघाटींच्या निकालावर अवलंबून नव्हती.

आमच्याकडे एका ट्रकमध्ये पंधरा-वीस छोट्या व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरला जाई. त्यांतील एखाद्याचे पनीर किंवा पेढे प्रमाणपत्राविना आले, तर बाकी सर्वांची कागदपत्रे चोख असूनही अख्खा ट्रक बंदरात अडकून पडे. ज्या व्यापाऱ्यांनी २०२० च्या उन्हाळ्यात मालाची यादी संकेतांकांसह करून ठेवली होती, त्यांचा माल आम्ही फेब्रुवारीपर्यंत सुरळीत केला. ज्यांनी केली नव्हती, त्यांना मालाच्या एकेका पेटीत काय आहे हे फोनवरून विचारत बसावे लागले.

मालाच्या उगमाचा नियमही असाच. ‘शून्य शुल्क’ ही घोषणा फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात तयार झालेल्या मालासाठी होती. भारतातून आलेली भांडी इंग्लंडच्या गोदामात उतरवून तिथून डब्लिनला पाठवली, तर ती ब्रिटनची ठरत नाहीत आणि त्यांवर युरोपीय संघाचे शुल्क लागू होते. हा नियम जगातल्या प्रत्येक व्यापार करारात असतो आणि तो २४ डिसेंबरला आकाशातून पडलेला नव्हता.

आयर्लंडने काय केले, हेही पाहा. सीमेपलीकडच्या व्यापारासाठी नेमलेल्या ‘इंटरट्रेडआयर्लंड’ या संस्थेने छोट्या उद्योगांना तज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी अर्थसाहाय्याची व्हाउचरे दिली, आणि २ जानेवारी २०२१ पासून रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्समधील डंकर्कला फेरी सुरू झाली, जेणेकरून ट्रकांना ब्रिटन ओलांडून जावे लागू नये. अनिश्चितता त्यांनाही तेवढीच होती.

लगनतीर (बेलफास्ट)

मालवाहू यांचे म्हणणे डब्लिन किंवा बर्मिंगहॅमपुरते खरे असेल, पण उत्तर आयर्लंडमधून पाहिले तर ते अपुरे आहे. इथल्या तयारीत खोट पाठवणाऱ्याच्या बाजूला होती आणि घेणाऱ्याच्या हातात तिच्यावर काही उपाय नव्हता.

जमिनीवरची सीमा उघडी ठेवायची म्हणून उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत युरोपीय संघाचे नियम लागू राहिले, आणि त्यामुळे तपासणी समुद्रावर, म्हणजे लार्न आणि बेलफास्टच्या बंदरांत आली. एकाच देशाच्या दोन भागांत जाणाऱ्या मालाला कागदपत्रे लागू लागली. मी आणि माझ्यासारख्या अनेकांनी नोंदणी केली, सरकारने काढलेल्या मोफत ‘ट्रेडर सपोर्ट सर्व्हिस’चे मार्गदर्शन ऐकले. पण इंग्लंडमधल्या ज्या विक्रेत्याचे वर्षाला जेमतेम दोन-चार ग्राहक बेलफास्टमध्ये आहेत, तो त्यांच्यासाठी कशाला एवढा खटाटोप करील? संकेतस्थळावर बीटी अक्षरांनी सुरू होणारा आमचा पोस्टकोड टाकला की ‘उत्तर आयर्लंडमध्ये माल पोहोचवला जात नाही’ अशी ओळ उमटू लागली. गुलाबाची रोपे, बी-बियाणे, यंत्रांचे सुटे भाग, सगळ्यांच्या बाबतीत हेच झाले. मुळांना ब्रिटनची माती लागलेले रोप तर नियमानुसार येऊच शकत नव्हते.

दुसरे असे की, तयारी करू नका असे आम्हाला सांगणारा माणूस देशाचा पंतप्रधान होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी उत्तर आयर्लंडच्या उद्योजकांना उघडपणे सांगितले होते की, कुणी तुम्हाला फॉर्म भरायला सांगितला तर तो कचऱ्याच्या टोपलीत टाका. ज्याच्यावर विश्वास ठेवून लोक निर्णय घेतात त्यानेच असे सांगितल्यावर दुकानदाराने अभ्यास केला नाही, हा दोष कसा काढायचा?

धागाकर्त्यांनी जमिनीवरची सीमा हे यशाचे उदाहरण म्हणून दिले, त्यालाही माझी हरकत आहे. एका बाजूच्या सीमावासीयांना मोकळे ठेवताना दुसऱ्या बाजूच्या लोकांना, विशेषतः स्वतःला पूर्णपणे ब्रिटिश मानणाऱ्या युनियनवादी समाजाला, कुणी विश्वासात घेतले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये धमक्यांमुळे बंदरांतले तपासणी कर्मचारी काही दिवस काढून घ्यावे लागले. एप्रिलमध्ये रस्त्यांवर जाळपोळ झाली. फेब्रुवारी २०२२ पासून डीयूपी या युनियनवादी पक्षाने सरकारात बसण्यास नकार दिला आणि स्टॉरमाँटचा, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारचा, कारभार फेब्रुवारी २०२४ पर्यंत ठप्प राहिला. १० डिसेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाचे नियम लागू ठेवणारी ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्याचा ठराव उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला, पण त्या ४८ मतांत युनियनवादी पक्षाचे एकही मत नव्हते. समाजाची संमती मिळवणे हासुद्धा तयारीचाच भाग आहे, आणि त्याचे व्हाउचर कुठे मिळत नाही.

डोनेगलवासी (लेटरकेनी)

सीमेवर, आयर्लंडच्या बाजूला डोनेगलमध्ये राहणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही गोष्टी मांडतो. ‘लोकांना फारशी तयारी करावीच लागली नाही’ हे वाक्य बाहेरून सोपे वाटते, पण आम्हाला ते तितके लागू पडत नाही.

मालाच्या बाबतीत धागाकर्ते बरोबर आहेत. उत्तर आयर्लंडच्या दुधापैकी जवळजवळ एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेकडच्या कारखान्यांत येते, आणि त्या टँकरांना चौकीवर थांबावे लागले असते तर दोन्हीकडचा दूधधंदा बसला असता. पण माणसांच्या बारीकसारीक बाबी मागे पडल्या. जानेवारी २०२१ पासून उत्तरेकडच्या वाहनचालकाला आमच्या बाजूला येताना विम्याचे ‘ग्रीन कार्ड’ जवळ ठेवावे लागले. सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात राहून लेटरकेनीत नोकरी करणारे माझे सहकारी ते कागद गाडीच्या कप्प्यात घेऊन रोज येत होते, आणि २ ऑगस्ट २०२१ रोजी ती अट गेली तेव्हा कुठे सुटले. रोज सीमा ओलांडणाऱ्याला विमा कंपनीकडून कार्ड मागवायला लावण्याची ही वेळ टाळता येण्यासारखी नव्हती का?

आणि आपल्या लोकांचे काय, हेही विचारतो. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी जुनी मुक्त प्रवासाची व्यवस्था आहे, ती टिकली. पण इथे काम करणाऱ्या भारतीय परिचारिका आणि अभियंते भारतीय पासपोर्टवर आहेत. त्यांना डेरीला जाण्यासाठी, म्हणजे इथून अर्ध्या-पाऊण तासावर, ब्रिटनचा व्हिसा लागतो. रस्त्यावर कुणी अडवत नाही, पण नियम नियमच. हे ब्रेक्झिटमुळे घडले असे मी म्हणत नाही, ते आधीपासूनच होते. तरीही सीमावासीयांची यादी करताना ही माणसे कुणाच्या नजरेत आली नाहीत. डोनेगलमधल्या कर्करुग्णांवर डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात उपचार होतात, ही दोन देशांनी मिळून केलेली फार चांगली सोय आहे. पण रुग्णाला तिथे घेऊन जाणारा नातेवाईक भारतीय पासपोर्टचा असेल तर त्याला आधी स्वतःच्या कागदपत्रांचा विचार करावा लागतो.

लिफीकाठ (डब्लिन)

डोनेगलवासी यांनी मांडलेली माणसांची बाजू माझ्या मूळ लेखात आली नव्हती, तिची भर घातल्याबद्दल आभार. लगनतीर यांच्या युनियनवादी समाजाविषयीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे आणि तो माझ्या भूमिकेला पूरकच आहे, कारण जिथे सरकारांनी आधी ऐकून घेतले तिथे निभावले आणि जिथे ऐकले नाही तिथे दंगल झाली.

मालवाहू यांना मात्र एक प्रश्न विचारायचा आहे. युरोपीय संघाने पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनच्या मालाची तपासणी सुरू केली. ब्रिटनने मात्र युरोपातून येणाऱ्या अन्नपदार्थांची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली आणि प्रत्यक्ष मालाची तपासणी ३० एप्रिल २०२४ ला सुरू केली. पोर्ट्समथ बंदराने सुमारे अडीच कोटी पौंड खर्चून तपासणी केंद्र उभारले आणि नियम बदलल्यामुळे त्याचा बराच भाग वापराविना राहिला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२४ मध्ये सीमेवरच्या या सगळ्या कामांचा खर्च किमान ४७० कोटी पौंड सांगितला. आता नवा करार झाला तर त्यांतील कितीतरी केंद्रांची गरजच उरणार नाही. वेळेवर माणसे नेमणारा आयातदार पाच वेळा फसला आणि हात बांधून बसलेला पाच वेळा फायद्यात राहिला. अशा वेळी ‘गृहपाठ करा’ हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

मालवाहू (इंग्लंड, मिडलँड्स)

पाच वेळा ढकललेल्या मुदतीचे समर्थन मी करणार नाही. आमच्याकडे त्या कामासाठी घेतलेल्या लोकांना आम्ही दुसऱ्या कामावर लावले आणि काहींना सोडावे लागले, त्याचे मला आजही वाईट वाटते.

पण धागाकर्ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहेत. केंद्र बांधणे, जादा माल भरणे, माणसे नेमणे ही तारखेवर अवलंबून असलेली तयारी आहे. ती चुकली की पैसा बुडतो. आपला माल नेमका काय आहे, कुठून येतो, त्याला कोणता संकेतांक आणि कोणते प्रमाणपत्र लागते, हे जाणून घेणे ही तारखेवर अवलंबून नसलेली तयारी आहे आणि ती वाया जात नाही. उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचे नियम सुधारणारा ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचा करार, म्हणजे विंडसर फ्रेमवर्क, २७ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालासाठी सोपी ‘हिरवी मार्गिका’ सुरू झाली, तेव्हा तिचा लाभ आधी कुणी उचलला? ज्यांच्याकडे यादी तयार होती त्यांनी. ज्यांच्याकडे नव्हती ते सवलत समोर असूनही जुन्याच वाटेने जात राहिले.

लगनतीर (बेलफास्ट)

हिरव्या मार्गिकेचा लाभ मोठ्या सुपरमार्केटांना आधी मिळाला, हेही जोडायला हवे, कारण विश्वसनीय व्यापारी म्हणून नोंदणी करायला आणि वेष्टनांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असे छापायला त्यांच्याकडे वेगळा विभाग असतो. आमच्या गल्लीतल्या दुकानाकडे मालक, त्यांच्या पत्नी आणि शनिवारी येणारा एक विद्यार्थी आहे. मालवाहू म्हणतात ती यादी करायला या तिघांपैकी कुणाला बसवायचे?

नव्या करारासाठी माझी मागणी साधी आहे. अंमलबजावणीची तारीख एकदाच जाहीर व्हावी, नियमांचा अंतिम मसुदा आणि ती तारीख यांच्यात किमान सहा महिने असावेत, आणि या वेळी मार्गदर्शनाचा पैसा बेलफास्टच्या घेणाऱ्यावर खर्च करण्याऐवजी इंग्लंडमधल्या पाठवणाऱ्यावर खर्च व्हावा. तो तयार नसेल तर आम्ही कितीही तयार असून उपयोग नाही.

मालवाहू (इंग्लंड, मिडलँड्स)

सहा महिन्यांच्या अंतराला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पाठवणाऱ्यावर खर्च करण्यालाही आहे, मात्र तो मार्गदर्शनाच्या बैठकांवर होऊ नये. छोट्या विक्रेत्यांच्या मालाचे वर्गीकरण बसून करून देणारी माणसे नेमावीत. त्या दुकानाचा पुरवठादार आमच्या भागातला असेल तर मला कळवावे. त्याची यादी मी स्वतः पाहून देईन.