मालवणचं सागरी अभयारण्य आणि होड्यांची वाहतूक: आमदार हे दोन प्रश्न वेगवेगळे का विचारतात?

खडपावरून

अधिवेशन लागलं की किनाऱ्यावरच्या आमदारांचे दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. एक वनखात्याला: मालवणच्या सागरी अभयारण्याचं काय केलं? दुसरा बंदर खात्याला: जलवाहतुकीचं काय, जेट्टी कधी, बोटींची तपासणी कोण करतं? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण उत्तरं दोन टेबलांवरून येतात. "हे अंशतः खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" एवढं छापून विषय मिटतो.

पाणी तर एकच आहे. अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जवळपास २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर, तोही सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा. म्हणजे मालवण धक्क्यावरून किल्ल्याकडे निघालेली प्रत्येक होडी अभयारण्यातूनच जाते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे. गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

गेल्या डिसेंबरात ओहोटीच्या वेळी मी पर्यटकांच्या एका बोटीत होतो. पोराने नांगर टाकला, अर्ध्या तासाने ओढून घेतला. त्याला पोरायटिस नावाच्या दगडी प्रवाळाचा तळहाताएवढा तुकडा अडकून आला. बाहेरून तपकिरी, तुटला तिथे पांढराशुभ्र. हे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. आठ-दहा वर्षांची वाढ पोराने झटकून पाण्यात टाकली आणि हात पुसले. त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंगतीला. पण बोटीला परवाना देणारा अधिकारी प्रवाळ बघत नाही आणि प्रवाळ बघणारा बोट बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच: आमदारांनी हा प्रश्न एकत्र विचारावा. नांगर टाकण्याऐवजी होडी बांधून ठेवायला कायमच्या तरंगत्या बोयी किती बसवल्या, एका वेळी गाभ्यात किती बोटी चालतील, आणि हे ठरवणार कोण?

---

दांडीकर

बोयी बांधा म्हणताय, छान. त्या बोयीचे पैसे कोणाकडून घेणार? आज पर्यटकाच्या होडीकडून, उद्या आमच्या मासेमारीच्या पातीकडून.

माझे आजोबा रापणीवर होते, किनाऱ्यावरून जाळं ओढायचे. १९८७ला अभयारण्य आलं ते आम्हाला कागदावर कळलं. आमच्या आळीत तेव्हापासून एकच वाक्य चालतं: "आमका अभयारण्य नको असा कोण म्हणता? आमका इचारल्याशिवाय नको." अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली, विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

आणि समुद्र कोणी खरवडला? पारंपरिक मच्छीमाराने? पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्याने २०१६ला निर्बंध घातले, एलईडीच्या उजेडावरची मासेमारी केंद्राने २०१७ला बंद केली. रात्री धक्क्यावर उभे राहा, क्षितिजावर दिवाळी दिसते. आमदारांना विचारायचं असेल तर हे विचारावं: गस्तीची बोट किती रात्री बाहेर पडली, किती डिझेल जाळलं, किती जाळी धरली. होडीच्या नांगराचा तुकडा तुम्हाला दिसला, कारण तो तुमच्या हाताला लागला. ते ट्रॉलर काय ओढून नेतात ते तुमच्या हाताला लागत नाही.

---

रेवसचा प्रवासी

मला वेगळंच बोलायचं आहे. हा धागा वाचताना वाटतंय की बोटी म्हणजे फक्त पर्यटकांच्या. आमच्याकडे लाँच ही एसटी आहे. अलिबागजवळच्या रेवसहून मुंबईत भाऊच्या धक्क्यावर माझी आई भाजीच्या पाट्या घेऊन यायची.

या पाण्याने माणसं किती खाल्ली ते आधी आठवा. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं त्या दिवशी समुद्राकडे पाठ करून बसतात. आणि १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तेव्हा नागपुरात अधिवेशन चालूच होतं. लाँचमध्ये परवान्यापेक्षा जास्त माणसं होती, हे बुडाल्यावर मोजलं गेलं. तारकर्लीला मे २०२२ मध्ये स्कूबाची बोट उलटली, दोन पर्यटक गेले.

म्हणून मी म्हणतो, जो काय प्रश्नाचा वेळ मिळतो तो लाइफ जॅकेट, प्रवाशांची यादी आणि फेऱ्या यांच्यावर खर्च करा. मुंबई-मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, मार्च २०२० पासून चालते, तासाभरात पलीकडे. अशी सोय जयगड, विजयदुर्गपर्यंत नेहमीची झाली पाहिजे. मध्येच अभयारण्याचा विषय घातला की प्रत्येक जेट्टीच्या फाइलवर आणखी एक शेरा पडतो आणि पाच वर्षं जातात. वन्यजीव कायद्यातही सागरी अभयारण्यातून नौकेला निर्धोक जाण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे, कलम २६-अ वाचा.

---

खडपावरून

@रेवसचा प्रवासी, आईच्या पाट्यांपुढे मी काही बोलणार नाही. पण कलम नीट वाचू. तो हक्क *जाण्याचा* आहे. थांबून, नांगर टाकून, चाळीस माणसं पाण्यात उतरवण्याचा नाही. तुमच्या लाँचला मी कुठे अडवतोय? तुमची लाँच अभयारण्यातून जातही नाही.

आणि प्रवाशांची यादी, बोटींची मर्यादा, हे तर माझेच मुद्दे आहेत. एका वेळी किती बोटी चालतील हे ठरलं तर माणूसही वाचतो, प्रवाळही वाचतं. तारकर्लीच्या बोटीबद्दल तुम्ही जे लिहिलं त्याचा बंदोबस्त आणि माझ्या नांगराचा बंदोबस्त एकाच वहीत होईल.

@दांडीकर, एलईडीबद्दल शंभर टक्के मान्य.

---

चोडणकार

गोव्याहून लिहितोय. आमच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि तिथे यायला रायबंदरहून फेरीबोट. पक्षी बघणारा पाहुणा आणि कामावर निघालेला चोडणचा माणूस एकाच फेरीच्या रांगेत.

२०२३ मध्ये सरकारने फेरीत वाहनांना पैसे लावायचं ठरवलं तेव्हा चोडण-दिवाडीचे लोक उठले आणि निर्णय थांबला. आमचं म्हणणं साधं होतं: आमच्यासाठी फेरी म्हणजे रस्ता. रस्त्यावर चालायचे पैसे कोण देतं? आमच्याकडे फेरीचा विषय विधानसभेत येतो कारण तिच्यावर मतदान होतं. तिवरांचा विषय तसा येत नाही. म्हणून मला खडपावरून यांचं पटतं. पक्षी मत देत नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न माणसांच्या प्रश्नाला बांधूनच सभागृहात न्यावा लागतो.

---

दांडीकर

बांधून नेताना कोण कोणाला ओढतं हेही बघा, चोडणकार. आमच्याकडे बांधलं गेलं ते पर्यटनाशी. निवतीच्या खडकांजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. जागा ठरवताना तिथे जाळी टाकणाऱ्या किती लोकांना विचारलं?

---

विधिमंडळ वाचक

अनेक वर्षं विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड चाळतोय, म्हणून थोडं कामाचं सांगतो. मूळ लेखकाची कळकळ पटते, पण मार्ग चुकीचा आहे. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, एका मंत्र्याला उद्देशून असतो. तीन खात्यांचा मजकूर एका प्रश्नात घातला की एक खातं उत्तर देतं आणि बाकीचं "संबंधित विभागाशी निगडित आहे" म्हणून सुटतं. त्यापेक्षा लक्षवेधी सूचना द्यावी, कारण तिथे मंत्र्याला निवेदन करावं लागतं. त्यात काही कबूल झालं तर ते आश्वासन समितीकडे जातं, आणि ती समिती खात्याला पुन्हा पुन्हा विचारते. किनाऱ्यावरचे आमदार तिथे कमी पडतात. कबूल करून घेतात आणि मागे लागत नाहीत.

दुसरं, कलम २६-अ १९९१ च्या दुरुस्तीने आलं. मालवणची अधिसूचना १९८७ ची. त्या कलमात स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची तरतूदही आहे, ती कुणीच उद्धृत करत नाही. दांडीकर, तुमच्या आमदाराच्या हातात ही ओळ द्या.

---

दांडीकर

हे मला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवतो.

---

रेवसचा प्रवासी

माझं मत तेच आहे. आधी माणूस. पण लक्षवेधीत बोटींची मर्यादा आणि प्रवाशांची यादी पहिल्या परिच्छेदात येणार असेल तर माझी सही घ्या.

---

खडपावरून

मसुदा लिहिलाय, दुरुस्त्या सांगा:

"मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रातून होणाऱ्या प्रवासी व पर्यटक बोटींची संख्या, प्रवाशांच्या नोंदी व सुरक्षा साधने यांवर कोणत्याही एका विभागाचे नियंत्रण नसणे, नांगरामुळे प्रवाळाची होत असलेली हानी, बोयी बसवण्याची आवश्यकता, व याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही."

---

दांडीकर

"बोयी बसवण्याची आवश्यकता" याच्या पुढे घाला: "पारंपरिक मच्छीमारांकडून कोणतेही शुल्क न आकारता व त्यांच्या सहकारी संस्थांशी जागेवर चर्चा करून." आणि "जागेवर" हा शब्द काढू नका. जिल्ह्याच्या ओरोसच्या कार्यालयात नको, मालवणात दांडीच्या वाळूत बसून.