नॉर्मन लिअर यांच्या हाती शेवटचा शब्द कसा आला?

घोडबंदरकर (प्रश्न):
मी गेली सहा वर्षे मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. आपल्याकडे बहुतेक वेळा कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात, आणि या तिघांच्या डोक्यावर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी असतात. गेल्या महिन्यात, सासरा जावयाला विचारायचे विसरून दोन्ही कप चहा स्वतःच पिऊन टाकतो असा एक साधा प्रसंग मी लिहिला. रात्री अकराला तो मंजूर झाला आणि सकाळी कासारवडवलीच्या सेटवर सीन पेपर पोचला तेव्हा त्यातला सासरा छातीत कळ येऊन कोसळत होता. डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तलेल्या अमेरिकी टीव्हीवरच्या नॉर्मन लिअर यांच्याविषयी वाचताना मला हेवा वाटतो तो नेमका याचा, की ते लेखकही होते आणि निर्मातेही, त्यामुळे ‘ऑल इन द फॅमिली’ या त्यांच्या विनोदी मालिकेत काय राहील आणि काय जाईल हे बहुतांशी तेच ठरवत. हा अधिकार त्यांनी मिळवला कसा?

पाचपाखाडीतला प्रेक्षक:
तो त्यांना कोणी दिला नाही, आणि लवकर तर मुळीच मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानावर ५२ मोहिमा करून आलेला हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये एड सिमन्स यांच्याबरोबर दारोदार वस्तू विकत फिरत होता. दिवसा फेरी आणि संध्याकाळी विनोदी प्रवेश लिहिणे, असा दोघांचा क्रम होता. मग मार्टिन आणि लुईस या विनोदी नटांच्या जोडीसाठी लेखन, पुढे बड यॉर्किन यांच्यासह स्वतःची निर्मितीसंस्था, असे करत ‘ऑल इन द फॅमिली’ १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली तेव्हा लिअर ४८ वर्षांचे होते. मूळ कल्पना एका ब्रिटिश मालिकेची होती, आणि त्याआधी एबीसी या दुसऱ्या वाहिनीने दोन नमुना भाग करून घेऊन दोन्ही नाकारले होते.

पहिल्याच भागावरून खटका उडाला. रविवारी चर्चमधून आईवडील लवकर परततात आणि मुलगी-जावई वरच्या खोलीतून अवघडून खाली येतात, त्यावरचा वडिलांचा एक शेरा वाहिनीला नको होता. लिअर यांनी तो काढल्यास आपण मालिका सोडू असे कळवले, आणि शेरा राहिला. मात्र त्याच सुमारास एका चित्रपटसंस्थेने त्यांच्यापुढे तीन चित्रपटांचा करार ठेवला होता, हे विसरू नये. ज्याला ईएमआय भरायचा आहे आणि पुढचे काम हातात नाही, त्याने हा बाणा दाखवण्याआधी बँकेचे पासबुक पाहिलेले बरे.

वाशीची नाट्यवेडी:
मला पासबुकापेक्षा त्यांची कामाची पद्धत महत्त्वाची वाटते. आठवडाभर तालीम करून भागाचे चित्रण एकाच दिवशी दोनदा, खऱ्या प्रेक्षकांसमोर होत असे आणि दोन्हींतले चांगले ते ठेवले जाई. गडकरी रंगायतनला किंवा आमच्या भावे नाट्यगृहात हशा सरेपर्यंत नट जसा पुढचे वाक्य रोखून धरतो, तसेच तिथेही घडत असे; हशा आला की नाही, हे वाहिनीच्या कार्यालयाला विचारावे लागत नसे.

लिफ्टचा भाग अवश्य पाहा. मालिकेतला बाप आर्ची बंकर हा स्वभावाने संकुचित आणि तोंडाने फटकळ माणूस बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकतो आणि तिथेच एका स्थलांतरित कुटुंबातली बाई बाळंत होते. आर्चीचे काम करणारे कॅरल ओकॉनर यांना हा भाग करायचाच नव्हता आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेले, पण लिअर हटले नाहीत. जन्म आपल्याला दिसत नाही. बाळाचे पहिले रडणे ऐकू येते आणि कॅमेरा फक्त आर्चीच्या चेहऱ्यावर थांबतो. विरोध करून शेवटी उभ्या राहिलेल्या नटाने तो चेहरा काय सुंदर वठवला आहे!

आर्ची ज्या शब्दाने बायकोला गप्प करतो, तो लिअर यांच्या वडिलांचा होता. ते नऊ वर्षांचे असताना वडील फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले आणि घरातले सामान विकताना वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही गेली. आर्चीची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कळव्याचा खडूस:
आरती पुरे. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची हा टिंगलीचा विषय वाटत नसून आपलाच माणूस वाटतो, असे आढळले. लिअर यांच्याच ‘गुड टाइम्स’ या मालिकेत तर कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गोष्टीतला थोरला मुलगा दिवसेंदिवस विदूषक होत चालला म्हणून आईवडिलांची कामे करणारे एस्थर रोल आणि जॉन एमॉस तक्रार करत राहिले, आणि १९७६ मध्ये एमॉस यांना मालिकेतून काढण्यात आले. शेवटचा शब्द लेखक-निर्मात्याकडे असला की तो नटाकडे नसतो. आज तुम्ही जिथे आहात, तिथेच त्या सेटवर एमॉस होते.

घोडबंदरकर:
खडूस यांचा मुद्दा मला लागला, कारण माझ्या प्रसंगातल्या सासऱ्याला काय वाटले हे मीही विचारलेले नाही. शोधताना एक गोष्ट मात्र सापडली, जी आपल्या रोजच्या धंद्याच्या जवळची आहे. ‘मेरी हार्टमन, मेरी हार्टमन’ ही त्यांची विनोदी मालिका आठवड्यातून पाच दिवस लागत असे. मोठ्या वाहिन्यांनी ती नाकारल्यावर लिअर यांनी ठिकठिकाणच्या स्वतंत्र केंद्रांच्या व्यवस्थापकांना घरी बोलावून ती विकली आणि १९७६-७७ मध्ये तिचे ३२५ भाग झाले. म्हणजे दैनंदिन मालिकेतही विनोद टिकतो, फक्त एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या भागांचा साठा, कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतो.

चहाचा प्रसंग मी मूळ रूपात वेगळा जपून ठेवला आहे. घंटाळीच्या आसपास कोणाकडे रविवारी सकाळी मोकळी खोली असेल तर कळवावे. पंधरा-वीस माणसांसमोर तो दोनदा वाचून पाहायचा आहे.