रुंद रस्ता आणि आईचं चालणं

वर एका प्रतिसादात म्हटलंय की पुण्यातले रस्ते रुंद केले की कोंडीही सुटेल आणि धूरही कमी होईल. मला हे पटत नाही. रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा गाड्यांनी भरतो, आणि रुंदीकरणात पहिला बळी जातो तो फुटपाथचा.

माझी आई ७१ वर्षांची, मधुमेही. डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात. पण आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर सलग वीस पावलंही फुटपाथ नाही. मध्येच विजेचा डीपी, मग लावलेल्या दुचाकी, मग गुडघ्यांना न झेपणारी उंच कड. शेवटी ती गच्चीवर फेऱ्या मारते आणि ७०० मीटरवरच्या मंडईला रिक्षा करते. तिलाच जंगली महाराज रस्त्यावर नेलं की तासभर आरामात चालते, कारण तिथे फुटपाथ रुंद आहे, बसायला बाकं आहेत, झाडांची सावली आहे. गुडघे तेच, रस्ता वेगळा!

कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २००६ मध्ये आली, पादचारी धोरण २०१६ मध्ये मंजूर झालं. आता मेट्रोही आहे. पण घरापासून स्थानकापर्यंत धड चालता येत नसेल तर माणूस दुचाकीच काढणार ना? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा रस्ता किती मीटरचा याबरोबर त्यातला फुटपाथ किती, हेही आपण लेखी विचारू या. मी मसुदा करायला तयार आहे.