ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीतील वीजबचतीच्या कामांसाठी अनुदान कोठून मिळेल?

प्रश्न :
आमचे सार्वजनिक ग्रंथालय तालुक्याच्या गावी, स्वतःच्या जुन्या कौलारू इमारतीत आहे. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालते आणि तेथील 24 पंखे व 36 ट्यूबलाइट यांचे वीजबिल वर्गणीतून भागत नाही. शासनाचे परिरक्षण अनुदान पगार आणि ग्रंथखरेदीतच संपते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून आम्हाला छतावरील सौर संचासाठी अनुदान मिळेल का? मुलांकडून जादा शुल्क घेण्याची वेळ येऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर 1 :
ती योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात. ग्रंथालय चालवणारा न्यास त्यात बसत नाही. त्यामुळे त्या अर्जात वेळ घालवू नये.

उत्तर 2 :
मी आमच्या ग्रंथालयाचा कार्यवाह म्हणून हीच वाट चाललो आहे. माझा आग्रह असा की, निधी मागण्यापूर्वी ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज कोठे किती खर्च होते याची तपासणी, करून घ्यावे, कारण आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्यातूनच कळते. तुमच्याच आकड्यांचा हिशेब पाहा. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा सुमारे 30 वॅट. 24 पंखे चौदा तास चालले तर रोज 15 युनिट वाचतात. चोकसह 50 वॅट खाणाऱ्या ट्यूबऐवजी 20 वॅटची एलईडी लावली आणि दिवे आठ तास लागत असतील, तर आणखी साडेआठ युनिट. महाराष्ट्रात 5 किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी 20 युनिट देतो. म्हणजे ही बचत त्याहून अधिक आहे, आणि तीही जुन्या कौलांवर व वाशांवर कोणताही भार न टाकता. आम्ही आधी सौर संच मागितला आणि छताच्या मजबुतीच्या दाखल्यावाचून आमचा प्रस्ताव परत आला, याची मला आजही हळहळ वाटते.

निधीसाठी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाकडे (सीएसआर) वळावे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि अनुसूची सातमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी, शिक्षण व पर्यावरण संतुलन हे तिन्ही विषय आहेत. प्रस्ताव अभ्यासिकेच्या, म्हणजे शिक्षणाच्या अंगाने मांडावा. मात्र 1 एप्रिल 2021 पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी आवश्यक आहे, आणि तिच्यासाठी आयकराची 12-अ (संस्थेला करसवलत) व 80-जी (देणगीदाराला करसवलत) प्रमाणपत्रे लागतात. तेव्हा ही कागदपत्रे आधी पाहावीत.

उत्तर 3 :
छतदुरुस्तीचे काम वेगळे काढून कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेबद्दल (जिच्यात राज्य शासनाच्या समान वाट्याची अट नसते) जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी. पुरवठादार हप्त्याने सौर संच देऊ करतील, पण न्यासाला कर्ज काढायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36-अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. आमच्याकडे 80-जी आहे, सीएसआर-1 नाही. ती नोंदणी आणि पंख्यांची मोजणी या आठवड्यात हाती घेतो. सौर संचाचा ठराव कार्यकारी मंडळापुढे तूर्त ठेवणार नाही.