किशोरकुमार : मरणोत्तर युगलगीते आणि हुकलेले योग

स्वरलोभी :
किशोरकुमार यांच्या आवाजाची संगणकाने केलेली नक्कल वापरून, त्यांच्या निधनानंतर आलेली गाणी त्यांच्या गळ्यातून ऐकवण्याचे प्रकार सध्या फार वाढले आहेत. काही ठिकाणी तर आजच्या गायिकेचा आवाज जोडून चक्क युगलगीत तयार केलेले असते. ऐकताना घटकाभर गंमत वाटते, हे मी नाकारत नाही. पण मग असाही विचार येतो की, जे योग खरोखर हुकले, ते अशा रीतीने जुळवून आणायला हरकत काय? किशोरकुमार 13 ऑक्टोबर 1987 रोजी गेले आणि पाचच वर्षांनी, 1992 मध्ये, ‘रोजा’ घेऊन संगीतकार ए. आर. रहमान आले. हा योग काळानेच हुकवला. संगीतकार नौशाद मात्र समकालीन असूनही त्यांच्याकडे किशोरकुमार जवळजवळ गायलेच नाहीत. आपल्याला कोणता योग हुकल्याची खंत वाटते, आणि मरणोत्तर युगलगीत कितपत मान्य आहे?

तबकडीप्रेमी :
नौशाद यांच्यापुरते बोलायचे, तर ‘सुनहरा संसार’ (1975) या चित्रपटासाठी त्यांनी किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्याकडून ‘हॅलो हॅलो क्या हाल है’ हे गाणे गाऊन घेतले होते. ते चित्रपटात राहिले नाही. दोन एवढ्या मोठ्या कारकिर्दींच्या वाट्याला एकच गाणे आणि तेही हलकेफुलके, ही नोंद म्हणून मजेशीर असली, तरी मला तिची फारशी हळहळ वाटत नाही, कारण नौशाद यांच्या रागदारी वळणाच्या चालींना जो गळा हवा होता, तो त्यांना रफीसाहेबांमध्ये मिळाला होता.

माझी खंत संगीतकार मदनमोहन यांच्याबाबत आहे. ‘परवाना’ (1971) मधील ‘सिमटी सी शरमाई सी’ ऐकल्यावर कळते की, त्यांच्या चालीतला नाजूकपणा किशोरकुमार किती हळुवारपणे पेलत होते. ‘आराधना’ने 1969 मध्ये किशोरकुमार शिखरावर गेले आणि जुलै 1975 मध्ये मदनमोहन गेले, म्हणजे दोघांच्या हातात जेमतेम सहा वर्षे होती आणि तीही पुरती वापरली गेली नाहीत. पुढे मदनमोहन यांच्या न वापरलेल्या चालींवर ‘वीर-ज़ारा’ (2004) उभा राहिला, तेव्हा त्या गायला लताबाई होत्या, किशोरकुमार नव्हते. मरणोत्तर सहयोगाचा तो प्रकार मला पूर्ण मान्य आहे, कारण चाल संगीतकाराची स्वतःची होती आणि गाणारा माणूस ती समजून गात होता.

मध्यलय :
‘मरणोत्तर’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालत आहोत. पहिली म्हणजे हयातीत गाऊन झालेले, पण नंतर प्रकाशात आलेले गाणे. ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये किशोर, लता, रफी आणि मुकेश हे चौघे एकाच गाण्यात आहेत. मुकेश ऑगस्ट 1976 मध्ये गेले आणि चित्रपट 1977 मध्ये आला. किशोरकुमार यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी आशाबाईंबरोबरचे ‘गुरु गुरु’ ध्वनिमुद्रित केले, त्याचा चित्रपट 1988 मधला. यात वादाला जागाच नाही. दुसरी म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातला खरा आवाज घेऊन त्याला जिवंत गायकाने दिलेली साथ. दिवंगत अमेरिकी गायक नॅट किंग कोल यांच्यासोबत त्यांच्या मुलीने 1991 मध्ये असेच गाऊन दाखवले. तिसरी म्हणजे निव्वळ नक्कल, आणि खरी अडचण तिथे आहे.

युगलगीतात किशोरकुमार समोरच्याचे ऐकून गात असत. ‘पडोसन’मधील ‘एक चतुर नार’ घ्या : मन्ना डे शिस्तीत सरगम मांडतात, आणि किशोरकुमार ती ऐकून लगेच तिची अशी काही वाट लावतात की, त्या खोडीतूनच गाणे पुढे सरकते. नक्कल केलेल्या आवाजाला समोरच्याचे काही ऐकूच येत नाही. सूर बरोबर लागतो, जागाही ओळखीच्या येतात, पण खोडी होत नाही.

हुकलेल्या योगाबद्दलही एक सांगतो. ‘हाफ टिकट’ (1962) मधील ‘आके सीधी लगी दिल पे’ हे लताबाईंबरोबर व्हायचे होते, त्या उपलब्ध नव्हत्या, म्हणून स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज किशोरकुमार यांनीच काढले, असे सांगितले जाते. सलील चौधरी यांच्या त्या चालीत लताबाई अप्रतिमच गायल्या असत्या. पण मग हा चमत्कार आपल्याला मिळाला नसता. त्यामुळे प्रत्येक हुकलेला योग भरून काढण्याची ही घाई मला मुळात पटत नाही.

अंतरा :
परवानगीचा मुद्दा राहिला. रहमान यांनी 2024 मध्ये ‘लाल सलाम’साठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाने पुन्हा घडवले, तेव्हा कुटुंबीयांची संमती घेतली आणि मानधनही दिले. त्याच वर्षी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने एका चित्रपटाच्या कर्त्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. कुटुंबाने होकार दिला म्हणजे गायकाने दिला असे होत नाही, हेही खरे. तरी निदान विचारावे तरी!

स्वरलोभी :
मध्यलय यांची विभागणी पटली आणि रहमान–किशोर योग जुळवण्याचा माझा हट्ट मी सोडतो. मात्र या तंत्राचा दुसरा उपयोग आपण सगळेच विसरलो. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात गळा आणि वाद्यवृंद एकाच ध्वनिपट्टीवर मिसळलेले असतात. ते वेगळे करून खरखर काढता आली, तर 1948 च्या ‘ज़िद्दी’मधला त्यांचा कोवळा, सैगलच्या छायेतला आवाज नीट ऐकता येईल. कोणी असे काम केलेले ऐकले असेल, तर दुवा द्यावा.