नोडवर स्पॅम गाळू की नको?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइनचा फुल नोड (सगळे व्यवहार स्वतः तपासून त्यांची नोंद साठवणारं यंत्र) चालवतोय. 2023 पासून लोक साखळीत (व्यवहारांच्या ब्लॉकच्या सलग नोंदीत) चित्रं आणि टोकनांचा मजकूर कोंबू लागले, एक टीबीची डिस्क भरत आली. ही पैसे पाठवायची व्यवस्था आहे, अडगळीची खोली नव्हे. मनापासून चीड येते. त्यात कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या 30व्या आवृत्तीने ओपी-रिटर्नची (व्यवहाराला इतर माहिती जोडायच्या जागेची) मर्यादा 83 बाइटवरून 1,00,000 वर नेली. नॉट्स हे दुसरं नोड-सॉफ्टवेअर टाकून असले व्यवहार गाळणारा कडक फिल्टर लावला तर डिस्क वाचेल का?

पहिलं उत्तर:
नाही वाचणार. फिल्टर फक्त मेमपूलला, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या रांगेला लागतो. तोच व्यवहार ब्लॉकमध्ये आला की साठवावाच लागतो.

मी सहा महिने कडक फिल्टर ठेवला होता. मेमपूलमध्ये रांग मोकळी दिसायची, म्हणून फी कमी लावायचो. गाळलेले व्यवहार मात्र खाणकामगाराकडे (ब्लॉक बनवणाऱ्याकडे) माझ्या पुढेच उभे! एकदा महत्त्वाचं पेमेंट दिवसभर अडकलं. शिवाय नवा ब्लॉक आला की त्यातले न पाहिलेले व्यवहार दुसऱ्या नोडकडून मागवत बसायचं, त्यामुळे ब्लॉक पुढे पोचवायला उशीर.

दुसरं उत्तर:
म्हणून हात बांधून बसायचं का? यंत्र माझं, बँडविड्थ माझी. डस्टची (खर्चायलाही न परवडणाऱ्या चिल्लर रकमेची) मर्यादा हाही फिल्टरच आहे, त्यावर कोणी ओरडत नाही. फी भरली म्हणून काहीही चालेल, हे मला मान्य नाही.

पहिलं उत्तर देणारा:
यंत्र तुमचं, हे शंभर टक्के मान्य. पण डस्ट पाठवणाऱ्याला फार पैसे मोजायचे नसतात, म्हणून तो थांबतो. चित्रवाला मोजायला तयार असतो. नोडनी अडवलं तर तो थेट मोठ्या पूलकडे (खाणकामगारांच्या गटाकडे) जातो आणि ती फी लहान खाणकामगाराच्या हातून जाते.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. ओपी-रिटर्न बंद दिसलं की काहीजण माहिती खोट्या पत्त्यांत लपवतात. त्या पत्त्यांवर पाठवलेली नाणी कधीच खर्च होत नाहीत, यूटीएक्सओ संचात (न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत) कायमची बसतात. प्रूनिंग केलं, म्हणजे जुने ब्लॉक पुसले, तरी तो संच प्रत्येक नोडला सांभाळावाच लागतो. ओपी-रिटर्न निदान त्या संचात शिरत नाही. आणि 2023 ची चित्रं विटनेसमधून (व्यवहारातल्या सह्यांच्या भागातून) आली, तिथे बाइटचं वजन चौथा हिस्साच धरतात. 83 ची मर्यादा त्यांना कधी लागलीच नव्हती.

प्रश्न विचारणारा:
खोट्या पत्त्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोअरच ठेवतो. प्रूनिंगही नको, नव्या नोडला जुने ब्लॉक द्यायला कोणीतरी हवंच ना. दोन टीबीची डिस्क घेतो. विटनेसच्या सवलतीबद्दल मात्र वेगळा धागा काढणार आहे.